तुम्ही विचारलंत म्हणून: प्रभूच्या हाती द्यायचं म्हणजे नक्की करायचं काय?

दर काही दिवसांनी कुणी ना कुणी हे विचारतंच. नागपुरात सदरला चर्च सुटल्यावर पायऱ्यांवर, मंगळवारी बाजारात भाजी घेताना, महिला सभा संपल्यावर चपला शोधता शोधता. "ताई, सगळे सांगतात प्रभूच्या हाती दे, तो तुझं बिघडलेलं सगळं नीट करेल. दिलं. आता पुढे मी काय करू?" परवा एका लग्न झालेल्या पोरीनं तर आपल्या नागपुरी थाटात विचारलं, "काकू, मी रोजच देऊन राहिली, तो काऊन घेऊन नाही राहिला?"

मला हसू आलं, तीही हसली. पण घरी आल्यावर वाटलं, हिला नीट उत्तर द्यायला हवं. मी पाळकीण नाही, बायबल कॉलेजात गेलेली नाही. शाळेच्या ऑफिसात नोकरी केली आणि संसार केला. तेव्हा जे सांगते ते चूल सांभाळणाऱ्या बाईचं समजा.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आपल्याला पाठ असतो. लाजर मेला, येशूनं उठवला. प्रवचनात तेवढंच येतं. मला त्यातली लाजरची बहीण मार्था जास्त आपली वाटते. भाऊ आजारी आहे म्हणून बहिणींनी निरोप धाडला, तर येशू निघालाच नाही, होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो त्यांच्या गावी, बेथानीला, पोहोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला गाठते आणि पहिलंच वाक्य बोलते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ तक्रार. मागून मरीया येते, तीही तेच म्हणते. म्हणजे दोघी बहिणी ते चार दिवस घरात हेच बोलत बसल्या असणार.

पुढे कबरेपाशी तो म्हणतो, धोंड काढा. तेव्हा मार्था जे बोलते ते फक्त घर सांभाळणारी बाईच बोलेल: प्रभूजी, आता त्याला दुर्गंधी येत असेल. आजूबाजूला यरुशलेमेहून आलेली माणसं उभी आहेत, आणि तिला चिंता ही की चारचौघांत वास सुटेल.

आपलं नेमकं इथंच अडतं. येशूनं घरात यावं, सगळं बदलावं, हे आपल्याला हवंच असतं. धोंड मात्र तशीच राहू दे म्हणतो, लोक काय म्हणतील! ज्याला मेलेला माणूस उठवता येतो त्याला एक दगड सरकवता आला नसता का? तरी ते काम त्यानं तिथल्या माणसांवर सोडलं. "लाजरा, बाहेर ये" एवढं त्यानं स्वतः म्हटलं, कारण ते दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. लाजर बाहेर आला तोही हातपाय बांधलेला, तोंडावर रुमाल गुंडाळलेला. मग पुन्हा माणसांनाच सांगितलं, याला मोकळं करा. तेव्हा "हाती दिलं" म्हणणाऱ्या बाईला मी आधी विचारते, धोंड कोणती, आणि ती काढली का?

आमच्या घरातली धोंड कर्जाची होती. मिस्टरांचं कामठी रोडला टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. लॉकडाऊननंतर धंदा बसला. तो बसला हे दिसत होतं, पण एकाचं फेडायला दुसऱ्याचं घेणं किती चाललंय ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. कळलं ते वसुलीच्या पोरांमुळे. मे महिन्याच्या दुपारी सगळी गल्ली खिडक्या लावून कूलरसमोर पडलेली असते, तेव्हा मोटरसायकलवरून यायची आणि मिस्टरांचं पूर्ण नाव घेऊन अशी हाक मारायची की कूलरच्या घरघरीतही चार घरं ऐकतील. मिस्टर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. बोलायचे नाहीत. जेवायचे, तेही खाली मान घालून.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक म्हाताऱ्या बाई होत्या, मिशन हॉस्पिटलात जन्मभर नर्सचं काम केलेल्या. त्यांना मी म्हटलं, मावशी, घरासाठी प्रार्थना करा. त्यांनी विचारलं, "घराला काय झालं?" मी म्हटलं, थोडी अडचण आहे. तर म्हणाल्या, "अडचण म्हणजे किती? प्रभूला रकमेसकट सांग. त्याला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे का?"

त्या रात्री चर्चचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर उलटं करून टेबलावर पसरलं आणि मुलाची स्केचपट्टी घेऊन रकाने आखले. कुणाचे, किती, व्याज किती, कशावर. भिशीचे. बायकांच्या ग्रुप लोनचे, त्यात सही माझी. बँकेत सोनं तारण. शेवटी एक गृहस्थ, महिन्याला शेकडा 10 लावणारे. कपाटातल्या पावत्या, मोबाइलवरचे मेसेज, सगळं धुंडाळून जेवढं सापडलं तेवढं लिहिलं आणि ती यादी येशूला मोठ्यानं वाचून दाखवली. रकमा वाचताना जीभ जड होते, करून बघा. "आमच्या घरावर कृपा कर" म्हणणं फार सोपं असतं. वाचून झाल्यावर आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं आणि पंप कोरडा ओरडायला लागला, म्हणून उठून बादली ओतली.

तो कागद मी फ्रिजवर लावला. मुलं म्हणाली, आई, कुणी आलं तर? मी म्हटलं, येऊ दे.

एका सकाळी फ्रिजमधून दूध काढायला गेले तर यादीखाली आणखी दोन नावं. मिस्टरांचं अक्षर. रकमा वरच्यांपेक्षा मोठ्या. माझ्या कपाळात तिडीक गेली. हातातलं पातेलं मी ज्या जोरानं ओट्यावर आदळलं त्याचा पोचा त्याला अजून आहे. पण पोळ्या लाटता लाटता ध्यानात आलं, हा माणूस कित्येक महिन्यांत एक शब्द बोललेला नाही, आणि रात्री उठून, पेन शोधून, स्वतःच्या हातानं ही दोन नावं लिहून गेलाय. त्यांना मी बोलतं करू शकले नव्हते. भांडून नाही, रडून नाही, सासूबाईंना मध्ये घालून नाही. लोक मला विचारतात, तुझ्या घरात प्रभूनं नेमकं काय केलं? कर्ज फिटलं हे मी पहिलं सांगत नाही, ती दोन नावं सांगते.

बाकीचं बरंचसं माणसांनी केलं. मंडळीतले एक निवृत्त बँकवाले काका यादी घेऊन बसले. त्यांनी सांगितलं, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, चारचौघांत अब्रू काढता येत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करायची. शेकडा 10 वाल्या गृहस्थांकडे सावकारीचा परवाना आहे का ते विचारायला लावलं. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. नुसतं विचारल्यावरच त्यांचा आवाज खाली आला. दुकान विकलं. मिस्टर आता दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला जातात आणि पगार माझ्या हातात आणून देतात. माझ्या माहेरच्यांना हे कमीपणाचं वाटतं. वाटू दे.

आता जरा कडू बोलते. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये सांगतो, त्या आपल्या साक्षी फार गुळगुळीत झाल्या आहेत. आधी अंधार होता, मग प्रभू आला, आता सगळं छान, हालेलुया. मागच्या बाकावर जी बाई कालच्या माराचा वळ ओढणीखाली झाकून बसली आहे, ती हे ऐकून आणखी गप्प होते. तिला वाटतं, आपलाच विश्वास कमी पडतोय. तिला "प्रार्थना कर, तो बदलेल" एवढंच सांगून घरी पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही. नवरा मारत असेल तर तीच धोंड, ती आधी काढायची. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करायचा. अशा बायकांना मदत करणारा नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे जायचं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो आणि संरक्षणाचा आदेश घेता येतो. त्यासाठी घटस्फोट घ्यावाच लागतो असंही नाही. आणि खरंच वेगळं व्हावं लागलं, तर आपल्या आयांच्या काळासारखं आता नाही. 1869 च्या कायद्यात ख्रिस्ती बायकोला नुसता छळ सिद्ध करून घटस्फोट मिळत नव्हता, त्याला व्यभिचाराची जोड लागायची. ते 2001 साली बदललं. पोलिसांत गेलेली बाई विश्वासात कमी पडली असं कुणी म्हणालं, तर त्यांना मार्थेचा अध्याय पुन्हा वाचायला सांगा.

कधीकधी तर घरातला गोंधळ येशूमुळेच उभा राहतो, हेही आपण बोलत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं बघा. टिळक नागपूरला होते, इथून राजनांदगावला निघाले, तेव्हा गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती बायबल दिलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या जन्माचं सोनं झालं असं आपण म्हणतो, पण त्या दिवशी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. सोवळ्यातली बाई, पदरात लहान मूल, नवरा बाटलेला. त्या काळात त्यांना कुणी "येशूवर भरवसा ठेव" म्हणालं असतं तर त्यांनी काय ऐकवलं असतं, याचा मी विचार करते आणि मला बरं वाटतं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग परत आल्या त्या नवऱ्याकडे, येशूकडे नव्हे. शिवाशिव एकदम सुटली नाही, हळूहळू, स्वतःच्या डोक्यानं विचार करून सुटली. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. 1919 साली टिळक गेले, त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य अपुरं राहिलं होतं, ते पुढे नेलं या जवळजवळ न शिकलेल्या बाईनं. टिळकांची गीतं आपण दर रविवारी गातो. मला गाताना त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाईच जास्त आठवतात.

"किती दिवस लागतील?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. मला ठाऊक नाही. सदरच्या ज्या ऑल सेंट्स कथीड्रलच्या आवारात आपण हे बोलत उभ्या राहतो, तिथंच 29 नोव्हेंबर 1970 ला वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्याची बोलणी 1929 पासून चालू होती. धर्मगुरूंना एकमेकांशी जुळवून घ्यायला 41 वर्षं लागली, आणि माझ्या मैत्रिणीला नवरा येत्या रविवारपर्यंत सुधारून हवा!

आणि जे वाया गेलं त्याचं काय, हे विचारणाऱ्या बायका वयानं मोठ्या असतात. गेलेली वर्षं, गेलेले दागिने, पोरांचं राहून गेलेलं शिक्षण. त्यांना सांगायला माझ्याकडे फार नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूनं शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही फुकट जाऊ नये म्हणून. ते वचन मला फार आवडतं. पंडिता रमाबाई तरुणपणी दुष्काळात अन्नाला मोताद झाल्या, आईवडील आणि बहीण त्या काळात गेली. पुढे 1896-97 मध्ये आपल्या या मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्याच बाई पुण्याकडून इकडे आल्या आणि उपाशी पोरींना, विधवांना गोळा करून केडगावला घेऊन गेल्या. उपाशी पोरीच्या डोळ्यांत काय असतं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण त्यांची आई काही परत आली नाही. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर सगळ्याची भरपाई होते असा समज होतो.

माझी आई मेयो हॉस्पिटलात वारली तेव्हा आमच्याकडे पैसे नव्हते, आणि ते माझ्या मनात अजून तसंच आहे. रोज येशूला सांगते. त्यानं त्याचं काय केलंय ते मला अजून दिसलेलं नाही.

"तो काऊन घेऊन नाही राहिला" विचारणाऱ्या त्या पोरीला मी एवढंच म्हटलं की गुरुवारी दुपारी घरी ये, वही आण, आपण तुझ्या घरातलं एकेक लिहून काढू, मग प्रार्थना करू, मग कुणाला फोन करायचा ते ठरवू. ती म्हणाली, सासू सोडणार नाही. म्हटलं, मग हेच पहिल्या ओळीवर लिही.

आणि मिस्टर चर्चला येतात का, हेही तुम्ही विचारताच. नाताळला येतात, ईस्टरला येतात. एरवी रविवारी गॅरेज असतं म्हणतात. असतंही कधीकधी.