बोर्दलेज सॉस, तिसरी खेप: कडूपणाचा चोर पातेल्यात

सापडलं एकदाचं. बोर्दलेज म्हणजे लाल वाईन, शॅलट (छोटे, सौम्य कांदे) आणि हाडांचा स्टॉक आटवून केलेला बोर्दोचा सॉस. तो मटणाच्या चापेवर घातला की सोबत प्यायची वाईन कडू का लागते, हे मागच्या दोन खेपा शोधत होतो. वाईन निर्दोष, मटण निर्दोष. घोळ सॉसचा होता.

मागच्या दोन्ही नोंदींतलं रडगाणं तेच: बोर्दोतल्या सें-जुलियें गावची 2010ची वाईन नुसती घेतली की ब्लॅककरंट, सीडरचं लाकूड, नुकत्याच टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास, चव लांबवर रेंगाळणारी. सॉसमधल्या चापेचा घास घेतला की तीच वाईन पातळ आणि कडू, वर हिरड्यांना सुपारी चघळल्यासारखी तुरटी. कडू आणि तुरट हे दोन शब्द इथे वेगळे ठेवावे लागतात. तुरटी म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून वाईनमध्ये आलेल्या टॅनिनने लाळेतली प्रथिनं बांधून टाकणं. मटणातली प्रथिनं आणि चरबी तीच तुरटी सौम्य करतात, म्हणून तर बोर्दोतल्याच पोयाक गावचं कोकरू आणि शेजारच्या गावांतली कॅबर्ने द्राक्षाची वाईन ही जोडी जमते. मग इथे उलटं का?

तापमानाचा संशय पहिल्या खेपेनंतरच मिटायला हवा होता. ‘लाल वाईन रूम टेंपरेचरला प्या’ ही फ्रान्समधल्या जुन्या, गार घरांची गोष्ट, पुण्यातल्या मे महिन्याची नव्हे. या वेळी 16 अंशांवर ओतली, ग्लासात 18ला पोचली. गाळही नव्हता: बाटली दोन दिवस उभी ठेवून, मानेखाली मेणबत्ती धरून, गाळाची काळी रेघ बाटलीच्या खांद्याशी येताच हात थांबवला. तळाशी साधारण 40 मिली सोडून दिली. (बूच अखंड निघालं! दोन पात्यांचा ओपनर जुन्या बुचांना खरोखर मानवतो, फक्त पाती डोलवत आत सरकवायची, दाबायची नाहीत. ओतताना फसफसवणारी ती एरेटर नळी मात्र या वयाच्या बाटलीला लावूच नये.)

मग घास फोडून पाहिले. नुसतं मीठ लावलेली चाप आणि वाईन: उत्तम. चाप आणि नळीच्या हाडातला मगज: त्याहून उत्तम. चमचाभर नुसता सॉस आणि वाईन: आला कडूपणा.

आतापर्यंतची रीत अशी होती: 80 ग्रॅम बारीक चिरलेले शॅलट लोण्यात, त्यावर 375 मिली वाईन, मोठ्या आचेवर 90 मिलीपर्यंत आटवायची, शेवटी स्टॉक. आटवताना पाणी उडतं, दारू बहुतेक उडते, टॅनिन कुठेच जात नाही. 375चे 90 म्हणजे टॅनिन चौपट दाट झालं. त्यात पसरट पातेल्याच्या कडेला सुकलेला जांभळा थर करपतो आणि ढवळताना परत आत येतो. ‘प्यायची तीच वाईन पातेल्यात घाला’ हा सल्ला इथे सरळ नुकसानीचा: कडक कॅबर्ने आटवली की काढाच होतो.

नवी रीत. पातेल्यासाठी कोवळी, कमी टॅनिनची, मेर्लो द्राक्षाची वाईन. पातेलं अरुंद, जाड बुडाचं, स्टीलचं किंवा चांगल्या कल्हईचं. उघड्या ॲल्युमिनियमला वाईनचं आम्ल लागलं की धातूची चव येते. शॅलट मऊ व्हावेत, तांबूस होऊ नयेत. वाईन मंद आचेवर निम्मी झाली, साधारण 190 मिली, की लगेच 300 मिली स्टॉक घालायचा आणि दोन्ही मिळून 150 मिलीपर्यंत आणायचं. स्टॉक पायांचा हवा: 4 पाये, अर्धा किलो भाजलेली हाडं, 2 लिटर पाणी, 5 तास, उकळी फुटू न देता. फ्रिजमध्ये तो वडीसारखा कापता आला पाहिजे. त्यातलं जिलेटिन टॅनिनला धरतं, म्हणजे लाळेसाठी कमी उरतं. मलमलीतून गाळायचं, मग 20 ग्रॅम गार लोणी. तमालपत्राबद्दल आधीची चूक दुरुस्त करतो: फ्रेंच लॉरेल वेगळं, आपलं तमालपत्र दालचिनीचं सख्खं भावंड, त्याचा वास सॉसवर चढून बसतो. लॉरेल नसेल तर फक्त थाइमची काडी.

मगजाचं थोडक्यात: खाटकाकडून नळीचे 4 सेंमीचे तुकडे, रात्रभर मिठाच्या गार पाण्यात, म्हणजे रक्त निघून जातं. सकाळी मगज ढकलून बाहेर काढायचा, 1 सेंमीच्या चकत्या, गरम पण न उकळणाऱ्या पाण्यात एक मिनिट. जास्त वेळ ठेवला की तेल सुटत जातं.

फरक पहिल्याच घोटात. वाईन कडू झाली नाही, सीडर परत आलं, तुरटी कडेला मखमलीसारखी. सॉसमध्ये मीठ किंचित चढं ठेवलं होतं, त्यानेही कडूपणा दबतो. मिरी मात्र अर्धी केली; तिखटाने दारूची जळजळ आणि टॅनिन दोन्ही वर येतात. शेवटी जुनं, कडक मिमोलेत चीज घेतलं. पिकलेल्या ब्री चीजचा नाद या वाईनबरोबर सोडा, अमोनियाचा वास सगळं पुसतो.

पुढची खेप बर्गंडी वाईन आणि बदक ठरली होती. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, सॉसच कशाला? बोर्दोत द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांवर मांस भाजतात. काड्या नाशकातही मिळतील. एप्रिलच्या खरड छाटणीच्या घ्याव्यात, त्या पक्व झालेल्या असतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत चांगल्या वाळतील. अट एकच, फवारणी न केलेल्या बागेतल्या हव्यात. ज्वाळा उंच जाते आणि लवकर बसते, निखारा थोडा वेळच टिकतो, म्हणून चाप 2 सेंमीपेक्षा जाड नको, एकेका बाजूला तीन मिनिटं. बदक थांबेल.

उरलेला स्टॉक बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलाय, 12 ठोकळे.