सर की झड

ठाण्यात घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमची साईट. त्या रात्री दहाला दुसऱ्या टॉवरच्या राफ्टचा, म्हणजे पायाच्या सलग जाड स्लॅबचा, पोअर होता. ४२० घनमीटर काँक्रीट, म्हणजे सहा घनमीटरच्या ७० गाड्या, सलग चौदा-पंधरा तास. मधे थांबलं की कोल्ड जॉइंट, म्हणजे आधीचं काँक्रीट आणि नवं एकजीव होत नाही, आणि मग तळघराला जन्मभराची गळती. पावसाळ्यात पाऊस आहे म्हणून कोणी काम बंद ठेवत नाही. येऊन जाणारी सर असेल तर ताडपत्री ओढून पोअर निभावतो. झड लागणार असेल तर पहिली गाडीच मागवायची नाही. मी क्वालिटीची इंजिनियर, पण पावसाची वहीही माझ्याकडेच असते.

ऑरेंज अलर्ट आदल्या दिवसापासून होता. पण ठाणे जिल्हा शहापूरच्या घाटापासून भाईंदरच्या खाडीपर्यंत पसरलेला. त्यात आमच्या खड्ड्याचं काय होणार, हे इथलं आभाळ बघूनच ठरवावं लागतं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा वायुभारमापकावर, आणि तो वाचताना बहुतेक जण चुकतात. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी-रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. पाऊस असो वा नसो. म्हणून सकाळचा आकडा दुपारी घसरला तर घाबरायचं कारण नसतं. आजच्या दहाची तुलना कालच्या दहाशीच करायची. आदल्या दिवशी सकाळी दहाला १००४ हेक्टोपास्कल होता. त्या दिवशी सकाळी दहाला १००१. चढायच्या वेळेला दाब चढलाच नव्हता.

बाराच्या सुमारास ढगांना फट पडली आणि मी पोडियमवर, टॉवरच्या पायथ्याच्या उंच चौथऱ्यावर, धावले. खालचे फाटके ढग नैर्ऋत्येकडून येऊरवर आदळत होते, आणि त्यांच्या वरचा राखाडी थर उलटा, पूर्वेकडून सरकत होता. तीन ते सहा किलोमीटर उंचीवर पूर्वेचे आणि पश्चिमेचे वारे एकमेकांना घासून जातात, तो पट्टा आपल्या अक्षांशाजवळ आला की असं दिसतं. हवामान खात्याच्या सकाळच्या पत्रकात तो पट्टा होताच. शिवाय दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाची रेघ, आणि बंगालच्या उपसागरातून निघून छत्तीसगडवर पोचलेलं कमी दाबाचं क्षेत्र. यातलं एखादंच असेल तर बहुधा सरींवर भागतं. तिन्ही जुळली की समुद्रावरचा ओला वारा दिवसच्या दिवस इकडे ओढला जातो आणि डोंगराला थडकून रिता होतो.

कोरड्या आणि ओल्या तापमापकात जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक राहिला होता, म्हणजे हवा ओलीचिंब. गडगडाट अजिबात नव्हता. ढग गरजले की लोकांना मोठा पाऊस वाटतो, पण जुलैतली झड बहुतेक वेळा मुकी असते. २६ जुलै २००५ ची गोष्ट वेगळी. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७५ च्या आत. तसला पाऊस माझ्या वहीत आधी दिसलाही नसता. झड मात्र दिसते, आणि त्या दिवशी ती स्पष्ट दिसत होती.

एक वाजता मीटिंग झाली. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर माणूस वाईट नाहीत, पण आकडा समोर ठेवल्याशिवाय ऐकत नाहीत. मी वही ठेवली. "झड आहे, साहेब. निदान उद्या दुपारपर्यंत." प्लांटचं बुकिंग, बूम पंपाचं भाडं, सगळं बोलून झालं. दोनला पोअर रद्द केला. तिन्ही पंप मी राफ्टच्या खड्ड्यात लावले, जनरेटरचं डिझेल भरून घेतलं, सळ्यांवर ताडपत्र्या बांधून घेतल्या. अमावास्या होती. दुपारची ४.६ मीटरची भरती बोर्डावर लिहिलेली होती. रात्रीची त्याहून लहान, म्हणून ती लिहिली नाही.

संध्याकाळी सातला जो धरला तो सकाळपर्यंत. सरीला वर-खाली असतं, दम घेणं असतं. याला तसं काही नव्हतं. रात्रभर पत्र्यावर एकच आवाज.

लेबर कॅम्प साईटच्या मागे, नाल्याच्या काठावर. बारा पत्र्याच्या खोल्या. नाला येऊरचं पाणी घेऊन खाडीला मिळतो, आणि भरती आली की तो जागच्या जागी थांबतो. रात्री दीडच्या सुमारास मुकादमांचा फोन आला तेव्हा मी खड्ड्यापाशी पंपांवर लक्ष ठेवून होते, कॅम्पपासून दोनशे पावलांवर. पोचले तेव्हा खोल्यांत गुडघाभर पाणी होतं. माणसं पोरांना खांद्यावर घेऊन पोडियमकडे निघाली होती. एका बाईच्या हातात पिठाचा डबा होता, झाकण वाहून गेलेलं. चालता चालता ती वरचं भिजलेलं पीठ बोटांनी काढून टाकत होती, खालचं कोरडं वाचवायला.

कोणाला इजा झाली नाही. पोडियमवरचं सिमेंटचं गोदाम निम्म्याहून जास्त रिकामं होतं, त्यातच सगळ्यांना झोपवलं. ते दुपारीही तेवढंच रिकामं होतं, आणि त्याची किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये होती.

सकाळी साडेआठला पर्जन्यमापक मोजला. दोनशे मिलिमीटरच्या वर. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. लाखो रुपयांचं काँक्रीट वाचलं, मालकांनाही कळवतो म्हणाले. कॅम्पचा विषय मीच काढला. तेव्हा म्हणाले, राहण्याची व्यवस्था ठेकेदाराकडे असते. कागदावर ते खरं आहे. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि दुपारी दोनला तरी मी कुठे वेगळा विचार केला होता?

मुकादम जालन्याकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. दुपारी वायुभारमापक बघायला गेले तर ते माझ्यामागोमाग आले. थोडा वेळ काट्याकडे बघत राहिले.

"मॅडम, ह्याच्यावर काल दिसलं व्हतं का तुम्हाला?"

"हो."

"किती वाजता?"

"दहाला शंका आली. बाराला खात्री झाली."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "बाराला तर माणसं जेवायला खोलीवरच व्हती," आणि ओल्या गोधड्या वाळत घालायला दोरी मिळेल का, म्हणून विचारलं.