मिथाइल सेल्युलोज म्हणून मिळालेली पूड

काचेची पूड काचेच्या पाटीवर पसरून भट्टीत वितळवायची असेल, तर ती वितळेपर्यंत जागची हलू नये एवढ्यापुरते काही चिकट लागते, आणि ते नंतर मागमूस न ठेवता जळून जावे लागते. अशा चिकट द्रावणाची, म्हणजे माध्यमाची, परदेशी तयार बाटली परवडेना, म्हणून मी ते घरीच करायचे ठरवले. लाडवांसाठी आणलेला बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून मलमलीतून गाळला. गडद निळ्या पुडीबरोबर तो चांगला चालला, पण ऐन पावसाळ्यात पाचव्या दिवशी त्यावर बुरशी चढली आणि मी मिथाइल सेल्युलोजकडे, म्हणजे पाण्यात विरघळून चिकट होणाऱ्या एका पुडीकडे, वळले.

इथे माझे तीन आठवडे गेले. रसायनांच्या एका दुकानात विचारले, तर दुकानदाराने ‘सीएमसी म्हणजे तेच हो, नुसते नाव वेगळे’ असे सांगून पेनाने नाव लिहिलेले अर्धा किलोचे पाकीट हातात ठेवले. पिठल्यासाठी बेसन आपण गार पाण्यात कालवून घेतो. मिथाइल सेल्युलोजचे मात्र उलटे असते. ते गरम पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आधी गरम पाण्यात भुरभुरवून त्याचा कण नि कण सुटा करायचा आणि मग गार पाणी ओतायचे, अशी रीत आहे. मी तसेच केले आणि पातेल्यात बाहेरून बुळबुळीत, आतून कोरड्या अशा गुठळ्यांचा लगदा तयार झाला. खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. पण मी तो लगदा चाळणीवर घासून गाळला, दाटसरच वापरला आणि पांढऱ्या पाटीवर पिंपळपान काढून भट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पानावर राखाडी झाक होती. मी आधी बोअरच्या पाण्याला दोष दिला, मग भट्टीच्या तापमापकाला, मग काचेला. भट्टी तापून पूर्ण निवायला अख्खा दिवस लागतो, त्यामुळे प्रत्येक संशयापायी एक दिवस आणि एक पाटी गेली.

अखेर वाटीभर द्रावण गॅसवर मंद आचेवर ठेवले, तेव्हा उलगडा झाला. मिथाइल सेल्युलोजचे द्रावण तापवले की गढूळ होऊन खरवसासारखे थिजते आणि निवल्यावर पुन्हा पातळ होते. माझ्या वाटीतले तापत गेले तसे आणखी पातळ झाले, म्हणजे ते सोडियमयुक्त सीएमसी, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज नावाचे वेगळेच रसायन, होते. ते गरम पाण्यातही विरघळते, म्हणूनच गुठळ्या झाल्या होत्या. शिवाय ते जळाले तरी त्यातले सोडियम मागे राहते. अगदी पातळ थरात सीएमसीही चालते, पण मी ते खिरीसारखे लिंपले होते. दुकानदाराने ‘उघडलेले पाकीट परत घेत नाही’ एवढेच सांगितले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

खरी पूड दुसरीकडून, छापील वेष्टनातली, शंभर ग्रॅम आणली. ५०० मिली पाण्याला ५ ग्रॅम पुरते. एक तृतीयांश पाणी उकळीच्या जवळ नेऊन त्यात पूड ढवळत सोडावी, बाकीचे फ्रीजमधले गार पाणी ओतावे आणि बरणी रात्रभर फ्रीजमध्येच ठेवावी. सकाळी द्रावण स्वच्छ आणि एकसारखे दाट झालेले असते. पाणी बॅटरीत घालायचे, डिस्टिल्ड घ्यावे, मात्र बॅटरीचे अॅसिड चुकूनही उचलू नये. आणि हे आधीच सांगायला हवे होते: कोरडी काचपूड हाताळताना एन-९५ मास्क लावावाच, कारण ती धूळ फुप्फुसात जाते.

काम पूर्ण वाळल्याशिवाय भट्टीत ठेवू नये, नाहीतर वाफ पूड उचलून टाकते. मी ताशी १५० अंशांनी तापमान वाढवते, ५५० अंशांवर अर्धा तास थांबते आणि तोवर झाकणाचे बूच काढून ठेवते, म्हणजे धूर बाहेर जातो आणि जळायला हवा मिळते. बूच लावूनच भट्टी चालवली, तर उत्तम माध्यमही काजळी धरते.

पुढच्या खेपेला पिंपळपान शिरांसकट स्वच्छ उतरले. उरलेले सीएमसी वाया गेलेले नाही. वडिलांच्या जुन्या पुस्तकांचे सुटलेले कणे मी सध्या त्यानेच चिकटवते आहे.