घटस्थापनेच्या आत

सांगलीत आम्ही अकरा वर्षे भाड्याने राहिलो, त्यातली पहिली सात वर्षे गावभागात तळमजल्यावर. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा आमच्या घरात छताला हात लावावा इतके पाणी होते, आणि महिनाभर मेहुण्यांकडे मिरजेत काढून परत आल्यावर पत्नीने एवढेच सांगितले की पुढचे घर आपले असेल आणि ते वरच्या मजल्यावर असेल. त्या घरापर्यंत पोहोचायला आम्हाला आणखी साडेचार वर्षे लागली. त्यातला सर्वांत अवघड भाग पैसे साठवण्याचा नव्हता, कमी पडलेले पैसे आपल्याच माणसांकडे मागण्याचा होता, आणि मी लिहितो आहे तो त्याच भागाबद्दल.

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेब पाहतो, पत्नी मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. दोघांचे मिळून हातात 62,000 रुपये येतात. जानेवारी 2024 मध्ये विश्रामबागच्या बाजूला अठरा वर्षे जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्या आणि हॉलचा फ्लॅट 32 लाखांना ठरला. विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते आणि मुलाकडे पुण्याला चालले होते, त्यामुळे त्यांना मार्चअखेर व्यवहार पुरा हवा होता. आम्ही एक लाखाचा विसार देऊन मोकळे झालो, आणि मगच खरा हिशेब समोर आला.

आमचा समज असा होता की बँक किमतीच्या 80 टक्के कर्ज देते म्हणजे 32 लाखांच्या 80 टक्के देईल. पण बँक करारातील किंमत आणि तिच्या मूल्यांकनकाराने काढलेली किंमत यांतली जी कमी असेल ती धरते, आणि इमारतीचे वय पाहून त्या मूल्यांकनकाराने 29 लाख 50 हजार लिहिले. म्हणजे कर्ज 23 लाख 60 हजार. राहिलेले 8 लाख 40 हजार आमचे. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, मालकीची मागची तीस वर्षे तपासणारा वकिलांचा सर्च रिपोर्ट, सोसायटीची हस्तांतर फी हे सगळे कर्जाच्या बाहेर. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतल्यामुळे मुद्रांक शुल्क सहाऐवजी पाच टक्के पडले, कारण 2021 पासून महाराष्ट्रात राहत्या घराच्या खरेदीवर महिलांना एक टक्का सवलत आहे. मात्र खरेदीदारांत एकही पुरुष असला तर ती मिळत नाही. आमचे 32,000 रुपये वाचले. याच सवलतीवरून पुढे काय काय ऐकावे लागेल याची तेव्हा कल्पना नव्हती.

सगळे धरून 10 लाख 70 हजार लागणार होते, आणि विसारासकट आमच्याकडचे होते 5 लाख 20 हजार. साडेपाच लाख कमी.

पहिल्यांदा मी मागितले ते अगदी चुकीच्या पद्धतीने. फेब्रुवारीत एका चुलत भावाच्या साखरपुड्याला सगळे गोतावळ्यातले भेटले, तिथे जेवणाच्या पंगतीनंतर पान खाता खाता मी पाचसहा जणांना सांगितले की घराचे ठरले आहे, थोडी मदत लागेल. प्रत्येकाने खांद्यावर हात ठेवून ‘आपलंच आहे, कधीबी सांग’ असे म्हटले, आणि मी घरी येऊन पत्नीला सांगितले की निदान चार लाखांची सोय झाली. तिने विचारले, कोण किती देणार? मला एकही आकडा सांगता आला नाही. मी आकडा उच्चारलाच नव्हता, तर त्यांनी तरी कशाला उच्चारावा?

त्या रात्री तिने मुलाच्या जुन्या वहीचे मागचे पान फाडले आणि त्यावर घराची किंमत, बँकेचे कर्ज, आमचे पैसे, कमी पडणारी रक्कम, महिन्याचा 20,900 चा हप्ता आणि त्यानंतर हातात उरणारे पैसे असे सगळे लिहून काढले. पुढे ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याकडे ते पान घेऊन गेलो. पान पाहिल्यावर दोघांनी तिथल्या तिथे नाही म्हटले. त्यातल्या एका मित्राने मुलीच्या अभियांत्रिकीच्या फीचा आकडा सांगून सरळ हात जोडले, आणि खरे सांगतो, त्याच्या घरून निघताना मला हलके वाटले, कारण त्याच्याकडे पुन्हा जायचे नव्हते. त्रास दिला तो ‘बघतो’ म्हणणाऱ्यांनी. माझ्या शाळेपासूनच्या एका मित्राने दीड लाख द्यायचे कबूल केले, तीन आठवडे ‘या सोमवारी टाकतो’ असे सांगत राहिला, आणि नोंदणीला नऊ दिवस राहिले असताना त्याचा फोन लागेनासा झाला. त्याची काही अडचण असेल. मी त्याला अजून विचारलेले नाही.

थोरल्या भावाने एक लाख दिले आणि ते परत घ्यायचे नाहीत असे बजावले. आमच्या साडूंच्या घरी आम्ही मुद्दाम दोघे मिळून गेलो आणि ते दोघे घरी असतानाच विषय काढला, कारण बहिणीने नवऱ्याला न सांगता बहिणीला पैसे देणे आणि ते चार वर्षांनी कुठल्या तरी लग्नात उघडे पडणे आमच्या घराण्याने आधी एकदा पाहिलेले आहे. तिथून 75,000 मिळाले, महिना 5,000 प्रमाणे पंधरा महिन्यांत फेडायच्या बोलीवर. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने 25,000 दिले.

राहिले मामा. ते तासगाव तालुक्यात द्राक्षे करतात, आणि गेली काही वर्षे बाजारात दर पडले की माल बेदाण्याला घालतात. मी गेलो तेव्हा ते शेडवर होते. नायलॉनच्या जाळ्यांच्या थरांवर द्रावणात बुडवून काढलेले मणी पसरलेले होते, खालच्या थरातले अजून हिरवट, वरचे पिवळे पडत आलेले, आणि मामी दोन बायकांना घेऊन एका थरातले काळे पडलेले मणी निवडून टाकत होत्या. मी वहीचे पान काढले आणि दोन लाख मागितले. मामांनी पान हातात घेतले, लांब धरून पाहिले, आणि किती पाहिजेत यावर एक शब्द न बोलता विचारले, “कवा देणार?”

मी म्हणालो, दोन वर्षांत. ते मान हलवू लागले. दोन वर्षे म्हणजे काही तारीख नव्हे, असे त्यांचे म्हणणे. बेदाण्याचा सौदा होऊन अडत्याकडून पट्टी आली की मार्चमध्ये त्यांच्याकडे पैसा असतो, एप्रिलच्या खरड छाटणीला त्यातला थोडा जातो, पण ऑक्टोबरची फळछाटणी झाली की औषधे, घड द्रावणात बुडवायचे डिपिंग आणि मजुरी यांत रोज पैसा ओतावा लागतो आणि तेव्हा बागायतदाराजवळ दमडी नसते. “मार्चला माझ्याकडं दोन लाख पडून असत्यात. छाटणीला मला त्येच दोन लाख गावच्या सोसायटीकडनं कर्जानं काढाय लागत्यात. मधल्या सा म्हैन्यात तू वापर की. पर घटस्थापनेच्या आत पायजेत.” मी आतापर्यंत प्रत्येकाकडे माझ्या अडचणीचे पान घेऊन गेलो होतो, देणाऱ्याच्या वर्षात पैसा कधी मोकळा असतो आणि कधी नसतो हे विचारायचे मला सुचलेच नव्हते. शेवटी ठरले ते असे की एक लाख या वर्षीच्या घटस्थापनेच्या आत आणि एक लाख पुढच्या वर्षीच्या घटस्थापनेच्या आत. पहिल्या लाखासाठी माझी कारखान्यातली भिशी होती, वीस जणांची, महिना 5,000 ची, आणि तिचा सप्टेंबरचा नंबर मी मागून घेणार होतो.

दोन गोष्टींवर मात्र शेडवर बराच वेळ गेला. मामांना पैसे रोख द्यायचे होते, कारण मामा-भाच्यात चेक कसला असे त्यांना वाटत होते. तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 269एसएस प्रमाणे 20,000 किंवा त्याहून जास्त उसने रोखीत घेता येत नाहीत, घेतले तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि परत करतानाही हाच नियम लागतो, हे मी हिशेबाच्या कामामुळे जाणून होतो. शिवाय बँकेला आमच्या हिश्श्याचा पैसा कुठून आला हे दाखवायचे होते. दंडाची गोष्ट ऐकल्यावर ते खात्यावरून द्यायला तयार झाले. दुसरी गोष्ट नावाची. मामांनी पान पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “घर सूनबाईच्या नावावर, आन् पैसं मी तुला देणार. मग उद्या मागायचं कुणाला?” मी सवलतीचे 32,000 समजावून सांगू लागलो, पण त्यांचा प्रश्न पैशांचा नव्हताच. तेवढ्यात मामी हात झटकत उठल्या आणि म्हणाल्या, “दोघांची सही घ्या की. कागद करा. उद्या आमचं काय झालं तर पोरांना म्हाईत नको?” त्यामुळे 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर उसनवारीचा कागद झाला, त्यावर माझी आणि पत्नीची अशा दोघांच्या सह्या झाल्या. एरवी कागद म्हटले की नात्यात अविश्वास आला असे मानले जाते. आमच्याकडे तो कागद मामींनी मागितला म्हणून कोणाला लागला नाही. मी मागितला असता तर काय झाले असते ते सांगता येत नाही.

पळून गेलेल्या दीड लाखांचे काय, हा प्रश्न नोंदणीच्या आठवड्यात सुटला. माझा कॉलेजचा एक मित्र विट्याचा आहे; त्याचे घराणे गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत आहे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करून देण्याच्या. वर्षातून दोनदा आम्ही बोलतो. त्याला मी रात्री साडेनऊला फोन केला, रक्कम सांगितली, आणि या वेळी शहाणा होऊन आधी विचारले की त्याला परत कधी लागतील. मार्च 2026 ला त्याला दुकानाची जागा बदलायची होती; तोपर्यंत नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे आले.

व्यवहार जमवून देणाऱ्या एजंटाचा एक सल्ला इथे नोंदवतो, कारण तो अनेकांना मिळत असावा. त्याचे म्हणणे असे की हे सगळे पैसे बक्षीस म्हणून लिहून घ्या, म्हणजे बँक ते तुमच्या देण्यात धरणार नाही. भावाचे खरोखरच बक्षीस होते, आणि सख्ख्या भावाने दिलेल्या पैशावर घेणाऱ्याला कर लागत नाही, म्हणून त्याचे तसे पत्र दिले. पण मित्राकडून वर्षात 50,000 पेक्षा जास्त बक्षीस घेतले तर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मित्राने दिले होते ते उसने. परत द्यायचे असलेल्या पैशाला बक्षीस म्हणून सही करणे मला जमले नाही. मी बँकेतल्या अधिकाऱ्यांसमोर तेच वहीचे पान ठेवले. त्यांनी हप्ता, साडूंचे 5,000 आणि भिशीचे 5,000 मिळवले, ते पगाराच्या जवळजवळ निम्मे आले, आणि थोडा वेळ पेन वाजवत बसून त्यांनी प्रकरण पुढे पाठवले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली, आणि 9 एप्रिलला पाडव्याच्या दिवशी आम्ही राहायला आलो. पहिल्या महिन्यात जो पाहुणा येई तो आधी खिडकीतून खाली पाही आणि विचारी, “हितं पाणी येत न्हाई न्हवं?”

फेडीत फारसे सांगण्यासारखे नाही. 2024 मध्ये घटस्थापना 3 ऑक्टोबरला होती. भिशी 25 सप्टेंबरला हातात आली आणि आठवडाभर आधी मामांच्या खात्यावर एक लाख गेले. सहकाऱ्याचे दिवाळीच्या बोनसातून फिटले, साडूंचा पंधरावा हप्ता जुलै 2025 मध्ये गेला. जुनी भिशी ऑगस्टमध्ये संपली, सप्टेंबरपासून नवी सुरू होणार होती, तिचा पहिला नंबर सगळ्यांनी मला दिला, म्हणजे पुन्हा 25 तारखेला एक लाख. मी निर्धास्त होतो.

ऑगस्टच्या अखेरीस गणपतीच्या दिवसांत पत्नी कॅलेंडरचे पान उलटत होती, ती थांबली आणि मला हाक मारली. 2025 ची घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. भिशी 25 ला.

तीन दिवसांचा प्रश्न होता, आणि तीन दिवसांनी मामांची छाटणी अडणार नव्हती हे मला ठाऊक होते. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाल्यामुळे काडीत घड किती धरले असतील याचीच त्यांना काळजी होती, छाटणीचा दिवसही ठरला नव्हता. मी फोन करून विचारले की 25 ला दिले तर चालतील का. मामा थोडे थांबले आणि म्हणाले, “कागदावर काय लिवलंय?”

दुसऱ्या दिवशी मी भिशीतल्या एकोणीस जणांना, जेवणाच्या सुटीत, एकेकाला गाठून पाच दिवस आधी पैसे द्यायची विनंती केली, आणि प्रत्येकाला का ते सांगितले. सतरा जणांनी दिले. उरलेल्या दोघांचे 10,000 घरातून घातले, आणि घटस्थापनेच्या आदल्या शनिवारी, 20 तारखेला, मामांच्या खात्यावर एक लाख जमा झाले. आता विट्याच्या मित्राचे दीड लाख राहिले आहेत. त्याच्या मार्चची तारीख मी इंग्रजी महिन्याप्रमाणे लिहून घेतलेली आहे.