तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यात राजवाड्यांची हॉटेले का झाली नाहीत?

पुण्या-कोल्हापुराकडून येणारे पाहुणे फोंडा आणि पेडणे तालुक्यांतील जुनी घरे पाहून झाली की मला हटकून विचारतात, जयपूर-उदयपूरला राजवाड्यांची हॉटेले झाली, मग इतके पर्यटक येत असताना तुमच्या गोव्यात ती का झाली नाहीत? गोव्यात संस्थानिक नव्हते, हे सोपे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. जुन्या वास्तूचे हॉटेल व्हायचे तर ती भव्य असण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती नेमकी कोणाची आहे हे ठरलेले असणे महत्त्वाचे असते, आणि राजस्थान व गोवा यांतील खरा फरक तिथे आहे.

संस्थाने विलीन झाली तेव्हा प्रत्येक राजाच्या खाजगी मालमत्तेची यादी करून ती केंद्र सरकारकडून मान्य करून घेण्यात आली. कचेऱ्या, तुरुंग, खजिना आणि फौज सरकारकडे गेली. यादीत बसलेले राजवाडे, बागा आणि शिकारखाने राजाकडे राहिले. त्याच्या जोडीला करमुक्त तनखा मिळाला, तोही किती विषम! म्हैसूरला वर्षाला 26 लाख रुपये, जयपूरला 18 लाख, तर सौराष्ट्रातील कटोदियाच्या अधिपतीला अवघे 192 रुपये. शिवाय गादीचा वारस म्हणून सरकार एकाच व्यक्तीला मान्यता देत असे. कागदोपत्री स्पष्ट असलेली मालकी आणि एकच मालक, या दोन गोष्टींमुळे पुढचे सारे शक्य झाले.

तनखे बंद झाले म्हणून राजवाड्यांची हॉटेले झाली, असे सर्रास सांगितले जाते. पण सुरुवात त्याआधीच झाली होती. 1956 मध्ये राजप्रमुखपद, म्हणजे विलीन संस्थानांच्या राज्याचे प्रमुखपद, रद्द झाले आणि पुढच्याच वर्षी जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांनी स्वतःचे निवासस्थान असलेला रामबाग राजवाडा हॉटेलसाठी खुला केला. उदयपूरच्या महाराणा भगवतसिंहांनी पिछोला तलावातील जगनिवासाचे हॉटेल केले तेही 1960 च्या दशकात. राजवाड्याचा खर्च राज्याच्या महसुलातून होत होता, तो महसूल गेल्यावर नुसत्या तनख्यावर एवढा पसारा चालणार नाही, हे या दोघांना इतरांच्या आधी कळले, आणि त्या दूरदृष्टीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. 1970 मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला, आणि अखेर 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने तनखे व मान्यता दोन्ही संपली. त्याच सुमारास रामबाग आणि जगनिवास ताज हॉटेल समूहाकडे चालवायला गेले.

जोधपूरच्या उमेदभवनाचे उदाहरण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून महाराजा उमेदसिंहांनी 1929 मध्ये हे बांधकाम हाती घेतले आणि ते 1943 मध्ये पुरे झाले; म्हणजे राजवाडा उभा राहिल्यानंतर सहाएक वर्षांतच संस्थान उरले नाही. आज त्याच्या एका भागात राजघराणे राहते, दुसऱ्या भागात संग्रहालय आहे आणि तिसऱ्या भागात हॉटेल. ज्या वास्तूत घराण्याचा वावर कायम आहे, तिथे जुन्या वस्तूंना केवळ सजावटीचे रूप येत नाही, असे माझे मत आहे.

गोव्यात राजे नव्हते म्हणून हॉटेले झाली नाहीत, असे म्हणावे तर राजस्थानातील जहागीरदारांचे काय? 1952 च्या कायद्याने त्यांच्या जहागिरी गेल्या, तनखे तर त्यांना नव्हतेच. तरीही त्यांच्या कितीतरी गढ्या आणि हवेल्या आज हॉटेले म्हणून उभ्या आहेत. तिथे गढी सहसा थोरल्या मुलाकडे जात असे, म्हणजे तिथेही मालक एकच राहिला.

आता गोव्याकडे पाहू. हैदर अलीने उत्तर कन्नडातील सोंदे संस्थान जिंकल्यावर तिथला राजा पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला आणि ते घराणे बांदोड्याला स्थायिक झाले. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. जुनी जमीनदार घराणीही आहेत: पेडण्यात देशप्रभूंचा विस्तीर्ण वाडा आहे, साखळी-सत्तरीत राणे आहेत. परंतु 1961 पर्यंत गोवा भारतात नसल्याने विलीनीकरणाचे करार, मालमत्तेच्या याद्या आणि तनखे यांचा इथे संबंधच आला नाही. इथल्या मोठ्या घरांचा आधार होता भाट, म्हणजे नारळाची बाग, आणि शेत. मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकारांचा, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा, कायदा आला. कसणाऱ्याला आणि राहणाऱ्याला त्यांनी न्याय दिला आणि तो द्यायलाच हवा होता, पण मोठ्या घरांचे उत्पन्न त्यामुळे आटले.

त्यात भर पडली वारसा कायद्याची. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार मुलगा-मुलगी दोघांचा वाटा सारखा असतो, आणि घर विकायचे तर वारसांबरोबर त्यांच्या पती-पत्नींचीही सही लागते. हा कायदा मला न्याय्य वाटतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. पण तीन-चार पिढ्यांनंतर एकाच घराचे वारस मुंबईत, लिस्बनमध्ये आणि आखातात विखुरतात, सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत, आणि छपराची कौले मात्र दर पावसाळ्यापूर्वी शाकारावीच लागतात. दोन वर्षे शाकारणी चुकली की वासे कुजतात आणि मातीच्या भिंती खचू लागतात.

म्हणूनच गोव्यात किल्ल्याच्या आधाराने हॉटेल उभे राहिले ते तेरेखोल आणि आग्वादला, जिथे मालकीचा प्रश्न नव्हता. तेरेखोलचा किल्ला मुळात सावंतवाडीच्या भोसल्यांचा. 1746 मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला आणि मुक्तीनंतर तो सरकारचा झाला. सावंतवाडीकर मात्र भारतातले संस्थानिक, त्यामुळे त्यांचा राजवाडा त्यांच्याकडेच राहिला; त्या राजवाड्यात गंजिफा रंगवण्याची कला जपली गेली आणि अलीकडे त्याच्या आवारात छोटे हॉटेलही सुरू झाले. पेडण्याहून तासाभरात तिथे पोचता येते. सीमेच्या अलीकडे-पलीकडे माणसे तीच, देव तेच, घरे बांधणारे कारागीरही तेच होते.

गोव्यातील वारसांनी एकत्र येऊन घराचा एखादा भाग दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावा आणि येणाऱ्या पैशातून छप्पर राखावे, असे मला वाटते. विक्रीपेक्षा ते शहाणपणाचे आहे. फक्त एक गोष्ट आधी ठरायला हवी. इथल्या मूळ घरातला गणपती हा सर्व वारसांचा असतो आणि वर्षभर बंद असलेली घरेसुद्धा चवथीला उघडतात. तेव्हा असा करार कधी झालाच, तर देवघर आणि राजांगण, म्हणजे घराच्या मधले उघडे अंगण, घराण्याकडे राहील आणि चवथीच्या दिवसांत बाहेरच्या पाहुण्यांसाठी खोल्या मिळणार नाहीत, हे कलम त्यात सर्वांत आधी लिहिलेले असावे.