डाव्या पायाचं काम

गाडी चालवताना सगळं कौतुक उजव्या पायाच्या वाट्याला येतं. वेग तो वाढवतो, ब्रेकही तोच मारतो. डाव्या पायाचं, म्हणजे क्लचचं, काम नीट झालं तर कुणाला कळतसुद्धा नाही. कळतं ते चुकल्यावर: गचका बसतो, मागच्या सीटवरच्या माना एकसाथ पुढे जातात आणि गाडी बंद.

क्लचचं पेडल चार-पाच इंच खाली जातं, पण त्यातली कामाची जागा जेमतेम बोटभर. इंजिन उभ्या गाडीतही मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्या मारत असतं आणि चाकं तर ठप्प. इंजिनाला जोडलेलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फिरतंय, गिअरबॉक्सच्या दांड्यावरची क्लचप्लेट थांबलेली आहे आणि प्रेशर प्लेटची स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबायला टपून बसली आहे. पेडल दाबलं की ही पकड सुटते. सोडताना त्या बोटभर जागेत प्लेट फ्लायव्हीलला टेकते, घासते आणि घासत घासत त्याचा वेग पकडते. हे घासणं म्हणजे बिघाड नव्हे, त्यासाठीच तर ती केलेली आहे. फक्त किती वेळ घासायचं याला मर्यादा आहे.

ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी. एखाद्या गाडीत पाय उचलताच सापडते, एखाद्या गाडीत पेडल जवळजवळ वर येईपर्यंत वाट पाहावी लागते. डोळ्यांनी शोधायची सोय नाही. कान आणि बूड यांनाच कळते. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, फेऱ्या दाखवणारा काटा शंभर-दोनशेनं खाली येतो, सीटला बारीक थरथर जाणवते. इथे पाय थांबवायचा. नवशिक्याचं चुकतं ते नेमकं पुढच्या क्षणी. गाडी हलली, जमलं एकदाचं, म्हणून तो पाय झटकन उचलतो. पण गाडी हलली म्हणजे वेग जुळला असं नाही. अजून एक-दोन सेकंद पाय तिथेच ठेवावा, मग उरलेलं पेडल सोडावं. सपाट मोकळ्या जागेवर अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात हात, म्हणजे पाय, न लावता नुसत्या क्लचवर पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगवता आली की अर्धी विद्या झाली.

चढावर हँडब्रेक ओढलेला असावा. पहिला गिअर टाकून थोडी रेस द्यायची आणि नाक उचललं जाईपर्यंत क्लच सोडायचा. गाडी हँडब्रेकविरुद्ध ओढ घेते, मगच तो खाली करायचा. गाडी मागे एक इंचही जात नाही. काहींना मात्र पुढची रांग हलेपर्यंत हाफ क्लचवर, म्हणजे त्या बोटभर जागेतच पाय ठेवून, चढाला लटकून राहण्यात मोठं कौशल्य वाटतं. कौशल्य आहेच, पण त्याचा वास जळका असतो. थांबायचं असेल तर ब्रेक कशासाठी दिलाय?

गिअरच्या हाताला नवशिके उगाच जोर देतात. पाच गिअरांच्या बहुतेक गाड्यांत दांडी मोकळी सोडली की स्प्रिंग तिला तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणून ठेवते. म्हणून दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मूठ आवळू नये. आधी न्यूट्रलला येऊ द्यावी आणि उघड्या तळव्यानं पुढे ढकलावी, ती वाट शोधते. आवळलेल्या मुठीनं तिसऱ्याऐवजी पहिला पडू शकतो. पाचव्यातून चौथ्यात येताना दुसरा पडला, तर क्लच सुटताच इंजिन किंचाळतं आणि कधी कधी कायमचं गप्प होतं.

चालत्या बसमध्ये चढणारा आधी दोन पावलं बसबरोबर धावतो. गिअरबॉक्समध्ये तेच धावणं सिंक्रोमेशच्या पितळी कड्या करतात: दात गुंतण्याआधी घासून दांडा आणि गिअर दोन्हींचा वेग सारखा करतात. 1928 साली अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीनं ही सोय गाडीत आणली. त्याआधी खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा दाबा, मग गिअर, अशी कवायत होती. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला आजही या कड्या नसतात, म्हणून तो खर्रर्र करतो. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबावं, किंवा आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाकावा. आतला दांडा थांबतो आणि आवाज येत नाही.

खालच्या गिअरमध्ये येताना इंजिनाचाही वेग जुळवावा लागतो. पन्नासच्या वेगाला चौथ्यात इंजिन 1,800 फेऱ्यांवर असेल, तर तिसऱ्यात त्याला 2,500च्या आसपास जावं लागतं. हा फरक क्लचनं भरला की हिसका बसतो. क्लच दाबलेला असताना उजव्या पायानं हलकीशी रेस दिली की बसत नाही. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांनी एवढं ऐकावं: हल्लीच्या इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन फवारून देणाऱ्या, गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर इंजिन बराच वेळ इंधन घेतच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला घेतं. शिवाय इंजिनाची अडवणूक जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

काम नसताना डावा पाय पेडलवर ठेवायची सवय वाईट. नुसत्या वजनानं पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग झिजत राहतं आणि प्लेटची पकडही सैल पडू शकते. सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून बसणं त्यातलंच. प्लेट संपत आली का, हे पाहायला वरच्या गिअरमध्ये रेस देऊन बघावी. आवाज चढला, काटा चढला, पण गाडीचा वेग तेवढाच राहिला, तर क्लच स्लिप मारतोय, म्हणजे प्लेट घसरतेय.

वर्षानुवर्षं क्लच दाबलेला माणूस ऑटोमॅटिक गाडीत बसला की पहिल्या वळणापाशी डावा पाय सवयीनं पेडल शोधतो. सापडतं ते ब्रेकचं, चांगलं रुंद. तो ते क्लचसारखंच तळापर्यंत दाबतो, आणि मागच्या सीटवरच्या माना पुन्हा एकसाथ पुढे जातात.