पालीची डुप्लिकेट शेपटी

परवा दार लावताना पाल मधे आली, आणि ती सटकली पण शेपटी पडली खाली. चांगली मिनिटभर एकटीच वळवळत होती फरशीवर! किळस आली खरी, पण वाकून बघितलं तर रक्त जवळपास नाहीच. नंतर वाचलं तेव्हा कळलं की शेपटी दाराने तोडलीच नव्हती, पालीनेच सोडून दिली होती. शेपटीच्या मणक्यांमध्ये तुटायच्या जागा आधीपासून असतात म्हणे, तिकिटाला फाडायची भोकं असतात ना तशा, तिथले स्नायू आवळले की खटकन सुटते.

आता परत उगवणार हे शाळेपासून माहितीय, पण उगवते ती डुप्लिकेट. आत मणके नसतातच, नुसती कूर्चेची नळी, आणि वरचे खवलेही वेगळे. म्हणजे त्या नव्या भागात तुटायची सोय नाही, पुढच्या वेळी अजून वर, जुन्या मणक्यातच तोडावी लागणार.

खरा कारागीर म्हणजे मेक्सिकोतला ॲक्सोलॉटल नावाचा उभयचर प्राणी, जन्मभर कल्ले घेऊन पाण्यात राहणारा. त्याचा पाय तुटला की जखमेवर आधी पातळ कातडी येते, मग तिच्याखाली पेशींचा गोळा जमतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात, आणि त्यातून हाड, स्नायू, नसा, बोटं सगळं परत. कोपरातून तुटला तर कोपरापासून पुढचं येतं, मनगटातून तुटला तर फक्त पंजा! आपण कुठे तुटलोय हे त्या पेशींना बरोबर ठाऊक असतं, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

आणि आपण? आपलं शरीर घाईचं, जखम दिसली की व्रण टाकून बंद. गंमत म्हणजे २०१३ च्या एका प्रयोगात ॲक्सोलॉटलच्या शरीरातल्या मॅक्रोफेज पेशी, म्हणजे कचरा खाणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून टाकल्या तर त्यालाही पाय आलाच नाही, आपल्यासारखा व्रणच आला. लहान मुलांच्या बोटाचं टोक मात्र परत येतं कधीकधी, नखाचं मूळ शाबूत असेल तर. लिव्हर वाढतं म्हणतात ते खरंय, पण कापलेला भाग परत येत नाही, उरलेलाच फुगतो.

बाय द वे, बऱ्याच पाली चरबी शेपटीतच साठवतात. म्हणजे आमचीवाली जेवणाचा डबा टाकून पळाली बिचारी.